दोन हिरव्या बत्त्या

आमच्या राइस मिलच्या बॉयलरवर पाण्याचा दुसरा पहारा बसवला, तेव्हा मला तिथे इलेक्ट्रिशियन म्हणून पाच वर्षं झाली होती. नव्याण्णव साली मी गोंदियाच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि दोन महिन्यांत या मिलमध्ये लागलो. माझं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला. आमच्या घरात तोवर सगळे रोवणीला आणि कापणीला जाणारे. वायरीचं काम करणारा मी पहिला, त्यामुळे आपल्या कामात कोणी खोट काढू नये, असं मला जरा जास्तच वाटायचं. ते आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत त्याचा वाटा आहे.

उसना तांदूळ करायचा तर धान आधी वाफेवर उकडावं लागतं. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरला जळण धानाच्याच भुशाचं. बॉयलर म्हणजे एक मोठं लोखंडी पिंप. त्याच्या पोटातून नळ्या जातात, नळ्यांमधून आग आणि धूर, आणि नळ्यांच्या भोवती पाणी. हे पाणी नळ्यांच्या खाली उतरलं की नळ्या कोरड्याच तापायला लागतात. अशा तापल्या लोखंडावर गार पाणी गेलं, तर त्याची एका क्षणात वाफ होते आणि पिंप फाटतं. म्हणून बॉयलरवर सगळी नजर पाण्यावर ठेवायची असते.

आत पाणी किती आहे ते कळावं म्हणून बॉयलरच्या अंगाला एक उभं नळकांडं जोडलेलं होतं. त्याला वरून एक पाइप, खालून एक पाइप. बॉयलरमध्ये जेवढं पाणी, तेवढंच नळकांड्यात. नळकांड्यात एक तरंगता गोळा. पाणी उतरलं की गोळा उतरायचा आणि पंप आपोआप चालू व्हायचा. पाणी फारच उतरलं तर भोंगा वाजायचा आणि भट्टीचा पंखा बंद पडायचा. याशिवाय पाणी डोळ्यांनी दिसावं म्हणून काचेच्या दोन नळ्या होत्या. उजवी काच या नळकांड्यावर, डावी थेट बॉयलरच्या अंगावर.

कुठल्याशा दूरच्या मिलमध्ये बॉयलर फुटल्याचं शेठच्या कानावर आलं आणि त्यांनी ठरवलं की आपल्याकडे सगळं दोन-दोन पाहिजे. नागपूरहून ठेकेदाराचा फिटर आला. बॉयलरच्या अंगाला नवं भोक पाडायचं तर परवानगी काढावी लागते. म्हणून त्याने जुन्याच पाइपांना टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून शेजारी दुसरं नळकांडं उभं केलं आणि त्यात दुसरा गोळा सोडला. मला त्यात काही खटकलं नाही. माझं काम वायरीपासून सुरू होत होतं.

खटकलं ते मिस्त्रींना. मिस्त्री म्हणजे आमचे बॉयलर चालवणारे. वय पंचावन्नच्या पुढे, गोंदियाजवळच्याच एका खेड्यातले, जातीने पोवार. सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉयलरघराच्या भिंतीला टांगलेलं. ते फिटरजवळ गेले आणि म्हणाले, "गोळे दोन, पर पाइप एकच काऊन गा?"

फिटर हसला. "काका, पाणी गोळे मोजतात. पाइप नाही."

"पानी तं पाइपातूनच येते ना पर," मिस्त्री म्हणाले आणि भट्टीकडे निघून गेले.

मी पॅनलवर दोन बत्त्या लावल्या होत्या, प्रत्येक गोळ्याची वेगळी. पाणी ठीक असेल तर हिरवी, कमी झालं तर लाल. पहिल्या दिवशी दोन्ही हिरव्या लागल्या तेव्हा शेठनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "देखो भाई, अब डबल सेफ्टी है. अब काहे का टेन्शन!"

पण मिस्त्रींचं टेन्शन गेलं नाही. त्यांची जुनी सवय होती. रोज सकाळी अकराच्या सुमाराला ते दोन्ही नळकांड्यांखालचा सामाईक कॉक उघडायचे. घाण पाणी फसफसत गटारात जायचं, गोळे खाली यायचे, भोंगा वाजायचा, पंखा बंद पडायचा. मग कॉक बंद करून ते काचेसमोर उभे राहायचे आणि पाणी परत चढेपर्यंत ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजायचे. तेवढ्यात वाफ उतरायची, धान उकडायची हंडी अर्धवट राहायची, मला येऊन पंखा पुन्हा चालू करावा लागायचा. दुसरा गोळा बसल्यावर हे थांबेल असं शेठना वाटलं होतं. मिस्त्रींनी ते थांबवलं नाही.

मला ते आवडायचं नाही. आणखी एक गोष्ट होती. मिस्त्री आमच्यात बसून चहा प्यायचे नाहीत. पाणीसुद्धा घरून आणलेल्या बाटलीतलंच प्यायचे. मी बौद्ध घरातला. अशा बाटलीचा अर्थ लावायला मला कोणी शिकवावं लागत नव्हतं. तो अर्थ बरोबर होता की चूक, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्या काळात मी त्यांच्या प्रत्येक कृतीकडे त्या बाटलीतूनच बघत होतो. ते रोज कॉक उघडतात ते माझं काम कच्चं आहे हे दाखवायला, असं माझ्या मनाने घेतलं.

तीन-चार महिन्यांनी त्यांनी मला हाक मारली. कॉक बॉयलरच्या मागे आणि पॅनल पुढे, त्यामुळे कॉक उघडताना त्यांना बत्त्या दिसत नसत, नुसता भोंगा ऐकू यायचा. त्या दिवशी त्यांनी राख काढणाऱ्या बाईला पॅनलसमोर उभं केलं होतं.

"सांग त्याले काय दिसलं ते," मिस्त्री म्हणाले.

"एक बत्ती लाल झाली," बाई म्हणाली. "दुसरी हिरवीच होती."

"दुसरा गोळा बोलून नाई राहिला," मिस्त्री म्हणाले.

मी पॅनल उघडलं. दुसऱ्या गोळ्याच्या दोन टोकांवर वायरचा एक छोटा तुकडा आडवा लावलेला होता, वरून काळी चिकटपट्टी. असा तुकडा लावला की गोळा खाली येवो की वर जावो, पॅनलला तो वरच वाटतो. म्हणजे तो पहारेकरी इतके दिवस झोपवून ठेवलेला होता. पहिला गोळा काम करत होता म्हणून भोंगा वाजत होता, आणि भोंगा वाजत होता म्हणून दुसरा मेलाय हे कोणाला कळलं नाही.

मी तो तुकडा रागाने ओढून काढला. पॅनलच्या चाव्या तीन. एक माझ्या खिशात, एक शेठच्या ऑफिसात, एक बॉयलरघरात मिस्त्रींच्या सर्टिफिकेटशेजारी खिळ्याला. शेठ कशाला पॅनल उघडतील? मी उघडलं नव्हतं. मग राहिलं कोण?

आता वाटतं, ज्याने स्वतः तुकडा लावला असता तो मला बोलावून दाखवेल कशाला? पण संशयाला उत्तरं शोधावी लागत नाहीत, ती तयारच असतात. मी मनाशी म्हणालो, यांनीच लावला आणि यांनीच शोधला. नवी व्यवस्था कुचकामी आहे हे शेठना पटवायचं आहे.

तो तुकडा मी कागदात गुंडाळला आणि शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला. मिस्त्रींचं नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हणालो, "चावी तिघांकडे आहे शेठजी."

शेठनी मिस्त्रींना बोलावलं. मी दाराबाहेर उभा होतो. आतून शेठचा चढा आवाज येत होता, मिस्त्रींचा आवाजच नव्हता. बाहेर आले तेव्हा ते माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, आता शिवी देतील. ते फक्त माझ्या हातांकडे बघत राहिले. मग भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून घेतलं आणि मागच्या भुशाच्या आवारात गेले. शेठनी त्यांना तिथे नेमलं होतं, भुशाच्या गाड्या उतरवून घ्यायला.

बॉयलरवर तिरोड्याकडचा नवा माणूस आला. तिशीचा, सर्टिफिकेटवाला, हसतमुख. त्याला शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ते रोजचं भोंगा वाजवणं बंद. मीही मान डोलावली. मिल सुरळीत चालू लागली. भोंगा नाही, पंखा बंद पडणं नाही. दिवसभर दोन्ही बत्त्या हिरव्या. शेठ खूश, मी खूश. येता-जाता भुशाच्या आवारात मिस्त्री दिसायचे, डोक्याला दुपट्टा, भुवयांवर भुसा. मी मान वळवून जायचो.

मात्र माझ्या मनातून चावीची गोष्ट गेली नाही. मी कुलूप बदललं, दोनच चाव्या ठेवल्या. नव्या माणसावरही माझा डोळा होता. पॅनलच्या दाराला मी एक केस चिकटवून ठेवायचो, कोणी उघडलं तर तुटावा म्हणून. रोज सकाळी आधी तो केस बघायचो. तो कधी तुटला नाही. म्हणजे वायर जिथल्या तिथे होती आणि बत्त्या खरं बोलत होत्या. असं मी धरून चाललो.

पुढच्या हंगामात, नवं धान येऊन उकडणं जोरात सुरू होतं तेव्हाची गोष्ट. जेवणाची सुट्टी व्हायला दोन-अडीच तास होते. मी बॉयलरघरात पॅनलला लागूनच बसून एका बंद पडलेल्या मोटरची जोडणी करत होतो. काम संपत आलं तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते आधी कळेना. मग लक्षात आलं की इतक्या वेळात पंप एकदाही चालू झाला नव्हता. पंप सुरू होताना पॅनलमध्ये एक दणका बसल्यासारखा आवाज होतो, आणि हंड्या चालू असताना तो दर काही मिनिटांनी होतोच. वाफ जाते म्हणजे पाणी जातं, आणि पाणी जातं म्हणजे पंपाने ते भरायला हवं.

मी पंपाच्या मोटरवर हात ठेवला. गार.

पॅनल उघडलं. सगळ्या वायरी जागेवर. आडवा तुकडा कुठे नाही. दोन्ही बत्त्या हिरव्या. पहिला गोळा म्हणत होता पाणी भरपूर आहे, दुसराही तेच म्हणत होता. उजव्या काचेत पाणी अर्ध्यावर. डाव्या काचेत पाणी अर्ध्यावर.

नव्या माणसाला विचारलं, तर तो हसला. "चार जागी पानी दिसून राहिलं भाऊ. अजून कायले शक घेता?"

"मग पंप का चालत नाही?"

"पानी भरलं आहे म्हनून."

त्याचं बोलणं बरोबर वाटत होतं, आणि तेच मला नको वाटलं. माझा हात पंपाच्या हाती चालवायच्या बटणाकडे गेला होता. थोडं पाणी सोडून बघू, असा विचार होता. पण मनात आलं, उद्या काही झालं तर शेठ म्हणतील बटण कोणी दाबलं. खरं सांगतो, बॉयलरच्या भीतीने नाही, आळ येईल या भीतीने मी तो हात मागे घेतला. आणि ज्या माणसाकडे वर्षभर बघितलं नव्हतं त्याच्याकडे, भुशाच्या आवारात, जवळजवळ पळतच गेलो.

मिस्त्री एका गाडीवर चढलेले होते. मी खालूनच म्हणालो, "काका, पंप बंद आहे. पाणी सगळीकडे अर्ध्यावर दिसतंय."

"कवापासून बंद?"

"तासभर तरी असेल."

ते गाडीवरून उतरले ते मला वाटलं नव्हतं इतक्या चपळाईने. चालता चालता एकच विचारलं, "रोजचा कॉक उघडून राहिले का?"

"नाही."

"कधीच नाई?"

"तुम्ही गेल्यापासून नाही."

 बॉयलरघरात शिरून ते सरळ डाव्या काचेपाशी गेले. तिचे वरचे-खालचे कॉक बंद होते. नव्या माणसाने सांगितलं की ती गळायची म्हणून त्याने कधीच बंद करून टाकली होती. म्हणजे त्या काचेत दिसणारं पाणी कोंडून ठेवलेलं जुनं पाणी होतं. मिस्त्रींनी दोन्ही कॉक उघडले. काचेतलं पाणी सरकन खाली गेलं आणि दिसेनासं झालं. काच रिकामी. फक्त वाफेचा धूसरपणा.

"बाप रे," असं काहीतरी नवा माणूस बोलला आणि पंपाच्या बटणाकडे धावला. मिस्त्रींनी त्याचा दंड धरला. त्यांचा इतका मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"पानी नको! एक थेंब नको! मारशील सगळ्याले!"

मग मला म्हणाले, "पंखा बंद कर. भुसा बंद कर. आन् पंपाचा फ्यूजच काढून खिशात ठेव."

मी तसं केलं. फ्यूज दोनदा हातातून निसटला. मिस्त्री आणि नवा माणूस फावड्यांनी भट्टीत राख टाकू लागले, आग दाबायला. तेवढ्यात मिस्त्रींना बाहेरच्या पटांगणाची आठवण झाली. भिंतीपलीकडेच पंचवीस-तीस बाया उकडलेलं धान पसरत होत्या. ते दारात गेले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "चला वो बायांनो, आज भाकर लवकर खाऊन घ्या. तिकडं गेटापाशी, लिंबाखाली. इकडं राख उडून राहिली."

बाया हसत, एकमेकींना हाका मारत गेल्या. त्या सगळ्या गेटापाशी पोचेपर्यंत ते दारातच उभे होते. नंतर आम्हा दोघांना म्हणाले, "तुम्ही पन निघा." नवा माणूस गेला. मी गेलो नाही.  आम्ही दोघं दाराच्या कडेला उभे राहून वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा बघत राहिलो. तो चढत नव्हता. बऱ्याच वेळाने तो उतरायला लागला, तेव्हा मिस्त्रींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

बॉयलर पूर्ण थंड व्हायला दोन दिवस लागले. झाकण उघडलं तर वरच्या नळ्यांच्या दोन ओळी निळ्या पडून खाली वाकलेल्या. नंतर आम्ही नळकांड्यांचा खालचा पाइप कापून पाहिला. आमच्या बोअरचं पाणी जड. पाइपात क्षार बसून बसून दगड झाला होता, त्यातून सुईसुद्धा गेली नसती. बॉयलरमधलं पाणी उतरत होतं, पण ते नळकांड्यांना कळतच नव्हतं. वरच्या पाइपातून वाफ यायची, नळकांड्यात गार होऊन तिचं पाणी व्हायचं, आणि ते पाणी दोन्ही गोळे वर धरून ठेवायचं. दोन गोळे, एक काच, तिघांनाही एकाच तोंडातून बातमी मिळत होती आणि ते तोंड बुजलेलं होतं. मिस्त्री रोज कॉक उघडायचे तेव्हा तो पाइप धुऊन निघायचा. आणि ओठांत मोजायचे ते एवढ्यासाठीच, की पाणी परत यायला कालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो का.

शेठनी मला कारण विचारलं तेव्हा मी हे सगळं सांगितलं.  मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर टाकली. "और ये? ये भी पाइपने लगाया था क्या?"

पुडीत तो वायरचा तुकडा होता. वर्षभरापूर्वी मी तो रागात काढला होता, नीट पाहिला नव्हता. आता खिडकीच्या उजेडात पाहिला. काळ्या पट्टीचं टोक दुमडून त्याचा छोटा कान केलेला होता. पुढे पट्टी काढायची झाली तर नखाला सापडावी म्हणून. असा कान मी करतो. आयटीआयपासूनची सवय. मिलमध्ये दुसरं कोणी करत नाही.

मग सगळं आठवलं. नळकांडं जोडण्याच्या दिवशी दुसऱ्या नळकांड्यात पाणी भरायचं होतं आणि भोंगा सारखा वाजत होता. फिटर ओरडला होता, "जरा वेळ त्याला बंद कर रे!" मी दोन मिनिटांसाठी तो तुकडा लावला. पाणी भरलं, दोन्ही बत्त्या हिरव्या दिसल्या, शेठनी पाठीवर हात ठेवला, आणि मी विसरलो.

खोलीत शेठ आणि मी दोघंच होतो. पट्टीचा कान शेठना काही सांगणार नव्हता. मी गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. गप्प बसावंसं वाटलंही. शेवटी म्हणालो, "हा मी लावला होता शेठजी. मिस्त्रींनी नाही."

शेठ मला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलून झाल्यावर म्हणाले, "उनको जाके बोल. मेरेको क्या बोलता है."

मिस्त्री भुशाच्या ढिगाच्या सावलीत डबा खात बसले होते. मी समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. त्यांनी घास संपवला, हात धुतला.

"मले मालूम होता," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"शेठच्या टेबलावर पायला तवाच. बाकीचे पट्टी दातानं तोडतेत. तूच कान मोडतेस."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"मले वाटला तूच मुद्दाम लावला. मले काढून तुझा कोनी मानूस आनाचा असन. मंग बोलून काय फायदा?" त्यांनी डबा बंद केला. "विसरला असशील असा डोक्यातच नाई आला गा. तुझं काम एवढं नेटकं, तू विसरशील कसा?"

 वर्षभर मी त्यांना कपटी समजत होतो आणि ते मला. दोघांपैकी एकानेही समोर बसून विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

मिस्त्री बॉयलरवर परत आले, पण अटी घालून. दुसऱ्या नळकांड्याला बॉयलरच्या दुसऱ्या बाजूने स्वतःचे वेगळे पाइप, मग परवानगीला कितीही दिवस लागोत. डावी काच दुरुस्त आणि कायम उघडी. रोजचा कॉक रोज, हंडी राहिली तरी. शेठनी सगळं मान्य केलं. पटांगणातल्या बायांना नंतर कुठूनतरी खरं कळलं. एक म्हातारी तर बॉयलरघराच्या दारात येऊन मिस्त्रींवर चिडली. "आमाले खरं सांगाले काय झालं होतं? राख उडते म्हनून सांगतेस! भाकर घ्यायले मी परत भिंतीपाशी आली असती तं?"  मिस्त्रींनी नुसती मान हलवली.

आणखी एक नियम त्यांनी केला. दिवसातून दोनदा त्यांनी डाव्या काचेचं पाणी बघायचं आणि मी उजव्या. दोघांनी बोटांच्या मापात आकडा सांगायचा. बरेच दिवस हे छान चाललं. ते पलीकडून म्हणायचे, "सहा बोटं," मी अलीकडून म्हणायचो, "सहा." एका दुपारी मी पॅनलवर वाकून काहीतरी कसत होतो. पलीकडून आवाज आला, "साडेआठ." मी स्क्रू फिरवता फिरवता म्हणालो, "हो, साडेआठ."

 मग ते वळसा घालून माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या काचेकडे बोट केलं. पाणी सहावरच होतं.

"मी मुद्दाम खोटं सांगितलं," ते म्हणाले. "तू पायलाच नाई."

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना आकडा सांगणं बंद केलं. त्यांनी त्यांच्या बाजूच्या भिंतीवर खडूने लिहायचं, मी माझ्या बाजूच्या, आणि लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याची भिंत बघायची नाही. पुढचे दोन हंगाम, ते काम सोडून शेतीकडे जाईपर्यंत, आम्ही तसंच केलं. आमचे आकडे क्वचितच तंतोतंत जुळायचे, पाव-अर्ध्या बोटाचा फरक राहायचाच. तो कशाने राहतो, डोळ्यांच्या उंचीने की काचेच्या बसण्याने, यावर आमची पुष्कळ हुज्जत झाली, आणि ती शेवटपर्यंत मिटली नाही.